गोललाइन सोडताना

आमच्या बाल्कनीत दोन गोष्टी कायम वाळत असायच्या. एक माझे गोलकीपरचे पॅड आणि दुसरे आईचे बोंबील. बोंबील वसईहून सुके होऊनच यायचे, पण प्रवासात दमट होतात म्हणून आई त्यांना पुन्हा ऊन दाखवायची. दुबईच्या अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की नातूर, म्हणजे तिकडचा वॉचमन, जिना चढून यायचा. आई दार अर्धवट उघडून अगदी साळसूद चेहऱ्याने सांगायची, "भैया, वो मेरे बेटे का हॉकी का सामान है. क्या करूँ, उसको पसीना बहुत आता है." नातूर माझ्याकडे दयेने बघायचा आणि निघून जायचा. पुढे मी पॅड कॉलेजच्या स्टोअरमध्ये ठेवायला लागलो तरी वास येतच राहिला, तेव्हा त्याने एकदा जिन्यात मला थांबवून काळजीने माझी तब्येत विचारली. आईला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. पॅड परत बाल्कनीत आण म्हणाली, नाहीतर तिच्या बोंबलांना आडोसा राहणार नव्हता.

घर म्हणजे एक बेडरूम आणि एक हॉल. हॉलचा निम्मा भाग प्लायवूडचं पार्टिशन घालून मंगेशकाकांना दिलेला. मंगेशकाका कुडाळचे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एसीचे डक्ट बनवण्याच्या वर्कशॉपात कामाला होते आणि बायकामुलं गावी. बेडरूममध्ये आई, पप्पा आणि माझी धाकटी बहीण शेरन झोपायचे. मी हॉलच्या उरलेल्या भागात, सोफ्याला लागून गादी टाकून. रात्री मंगेशकाकांचं घोरणं आणि माझं स्वप्न यांच्यामध्ये फक्त ते प्लायवूड असायचं. पप्पा दुबईच्याच देरा भागातल्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होते. लग्नं, कंपन्यांच्या पार्ट्या, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. कामावरून आले की पायांतले बूट काढताना एक लांब सुस्कारा टाकायचे, आणि त्या सुस्काऱ्यावरून आज किती माणसांची पार्टी होती हे आई ओळखायची.

आमच्याकडे शुक्रवार हा खरा वार होता. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे आम्ही वसईची कॅथलिक माणसं रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, शुक्रवारी ऐकायचो. आता सुट्ट्या बदलल्या, रविवार पुन्हा रविवार झाला, पण अजून शुक्रवारी सकाळी मला उगाच इस्त्रीचा शर्ट घालावासा वाटतो. त्या दिवशी उजाडताच पप्पा मला गाडीत घालून शारजाला न्यायचे. तिथे गोदामांच्या मागे, ट्रक पार्क करण्याच्या जागेला लागून एक वाळूचं कडक मैदान होतं. त्यावर आमची हॉकी. मैदानाला हिरवं असं काही नव्हतं, एका गोलपोस्टला लावलेली मच्छीमारांची जाळी सोडली तर. तिथून घामेघूम होऊन मी गाडीतच कपडे बदलायचो आणि आम्ही थेट चर्चला जायचो. तिथे आधीच पोचलेली आई माझ्या शेजारी बसायची नाही, शेरनला मध्ये बसवायची. शेरन नाकाला रुमाल लावून म्हणायची, "मम्मी, इट्स नॉट फेअर."

मिस्सा झाली की जेवण. वसईचा बाटलीतला मसाला घालून केलेलं चिकन, भात, आणि शेवटी डब्यातली सुकेळी. सुकेळी म्हणजे वसईची वाळवलेली राजेळी केळी. गावाहून कुणी आलं की ती यायची आणि आई ती एकेक मोजून द्यायची. जेवायला बहुतेक वेळा बशीरसाहेब असायचे. बशीरसाहेब म्हणजे आमचे कोच, सियालकोटकडचे, ट्रकच्या बॉडी बनवणाऱ्या एका गॅरेजात सुपरवायझर. तरुणपणी चांगल्या दर्जाची हॉकी खेळलेले. पहिल्यांदा पप्पांनी त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा आई गडबडली, कारण आमच्या घरी डुकराचं मटण शिजायचं. तिने त्याच दिवशी बाजारातून एक नवा टोप आणला, एक नवा डाव आणला आणि ते वरच्या फळीवर वेगळे ठेवले. त्यांच्यासाठीचं हलाल चिकन त्याच टोपात. बशीरसाहेबांना हे तिने कधी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण ते पहिला घास घेण्याआधी एकदा त्या टोपाकडे आणि एकदा आईकडे बघून मान हलवायचे. चांगल्या काचेच्या प्लेटी फक्त पाहुण्यांना. आम्हा घरच्यांना स्टीलच्या ताटल्या आणि त्यातली कडेला चेपलेली माझी.

मी दुबईतल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या कॉलेजची हॉकी टीम होती, हे ऐकायला जितकं भारी वाटतं तितकं ते नव्हतं. अकरा जण जमवताना कॅप्टन अकाउंट्सच्या वर्गात हात जोडून फिरायचा. पण मी कॉलेजात टिकून राहण्याचं एक वेगळंच कारण होतं आणि ते आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्या काळी तिकडे अठरा वर्षं ओलांडलेला मुलगा शिकत असेल तरच बापाच्या व्हिसावर राहू शकायचा. दरवर्षी कॉलेजकडून मी विद्यार्थी असल्याचं पत्र आणायचं, मग पप्पांच्या स्पॉन्सरशिपखाली माझा रेसिडेन्स पुढे चालू. कॉलेज सुटलं की व्हिसा सुटला. व्हिसा सुटला की सोफ्याजवळची ती गादी सुटली. मी त्या देशात वाढलो होतो, तिथल्या उन्हात काळा झालो होतो, पण घरात झोपायचा हक्क मला बी.कॉम.मुळे होता. आता हे नियम पुष्कळ सैल झालेत आणि मी हल्ली हॉकी शिकवतो त्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे मी उंटावरून शाळेत जायचो असं सांगितल्यासारखी बघतात.

त्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका लहान गावाचा क्लब दुबईला सरावाला आला. त्यांच्याकडे बर्फ पडतो म्हणून युरोपातल्या टीम आमच्याकडे ऊन खायला येतात. त्यांना सरावासाठी समोर कुणीतरी हवं होतं आणि बशीरसाहेबांनी कुठून कसा वशिला लावला देव जाणे, पण आमच्या कॉलेजच्या टीमचं नाव पुढे केलं. खऱ्या टर्फवर, पाणी मारलेल्या ओल्या हिरव्या मैदानावर मी तेव्हा दुसऱ्यांदा का तिसऱ्यांदा उभा राहिलो असेन. मॅच म्हणजे सगळा वेळ चेंडू आमच्याच अर्ध्यात. मला तर चंगळ होती. गोलकीपरला याहून चांगला दिवस मिळत नाही. पायाने अडवले, हाताने अडवले, एक हेल्मेटवर घेतला तेव्हा कानात चर्चची घंटा वाजली.

पण एक गोल मी अगदी बावळटासारखा खाल्ला. चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर मोकळा पडला, त्यांचा फॉरवर्ड धावला, मी लाइन सोडून पुढे झेपावलो, आणि मध्येच मला वाटलं आपला फुलबॅक पोचेल. मी थांबलो. फुलबॅक पोचला नाही. फॉरवर्डने माझ्या बाजूने चेंडू असा सरकवला की जणू मला रस्ता विचारून पुढे गेला. बाहेरून बशीरसाहेबांचा आवाज आला. तो सबंध मैदानाने ऐकला.

"मेल्विन! कीपर या तो लाइन पे मरता है, या बाहर निकल के मरता है. बीच में मरेगा तो कोई रोएगा भी नहीं!"

मॅच संपल्यावर त्यांचा कोच माझ्याकडे आला. योहान त्याचं नाव, उंच, लाल नाकाचा. त्याने विचारलं की त्या गोलच्या वेळी तू का थांबलास. मी म्हटलं, घाबरलो. तो हसला. म्हणाला, पण त्यानंतर तीनदा तू त्याहून जास्त पुढे निघालास आणि तिन्हीदा पोचलास, बहुतेक मुलं अशी चूक झाली की लाइनला चिकटतात. मग त्याने सरळ विषय काढला. त्यांचा दुसरा कीपर उन्हाळ्यात क्लब सोडणार होता. मी ऑगस्टला यावं, पूर्ण सीझन राहावं, क्लबहाउसच्या वरची खोली, लहान मुलांना आठवड्यातून दोनदा शिकवायचं, आणि त्याबद्दल महिन्याला पगार. पुढच्या वर्षी मात्र जागा नसेल. महिनाअखेर उत्तर कळव. मी गाडीपर्यंत चालत गेलो तेव्हा पॅड काढायचे विसरलो होतो, आणि पप्पांना म्हटलं, "पप्पा, मला नोकरी लागली." पप्पांनी आधी डिकी उघडली, मग माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्री जेवताना आमच्याकडे संसद भरली. मंगेशकाका पार्टिशनमधून स्वतःची खुर्ची घेऊन आले. आधी त्यांनी युरोचे दिरहम केले, दिरहमचे रुपये केले आणि रुपयांचा आकडा दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. मग मी म्हटलं की खोलीभाडं नाही पण जेवण आपलं आपण, तेव्हा तो आकडा भराभर खाली आला. शेरन म्हणाली, "ही विल लिव्ह ऑन ब्रेड. गुड फॉर हिम." आई उठली. तिने भाताची कढई उचलली आणि आत नेली, भात अजून सगळ्यांना वाढायचा होता तरी.

तोडगा काढला तो मंगेशकाकांनी. गल्फमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचाच तो तोडगा. आमच्याकडे कुणी काही सोडत नसे. लोक लाँग लीव्हवर जायचे. सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तर रेसिडेन्स मरतो, म्हणून माणसं सहा महिने पुरे व्हायच्या आत एक चक्कर मारून जायची आणि व्हिसा जिवंत ठेवायची. मंगेशकाका स्वतः कुडाळच्या एका पतपेढीत कारकून होते आणि इकडे येताना तिथून बिनपगारी रजेवर आले होते. पतपेढी बुडून बंद पडली त्यालाही बराच काळ लोटला होता, तरी त्यांनी राजीनामा दिला नव्हता.

"झिला, ऐक माझा," ते म्हणाले. "राजीनामो कधी देवचो नाय. लाँग लीव्ह टाकूची. कॉलेजात नाव ठेव, तिसऱ्या वर्षाची फी भरून टाक. ऑगस्टात जा, सहा महिने व्हायच्या आत परत ये, परीक्षा दे, व्हिसो जिवंत. मगे परत जा. हॉकी पण जाली, डिग्री पण जाली. खलास!"

मला हे ऐकून असा काही आनंद झाला की उठून त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. आईही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "हे बरं आहे." तिने मला त्या चेपलेल्या ताटलीत पुन्हा भात वाढला. पप्पा मात्र नुसता भात कालवत राहिले. पप्पांनी वसईला असताना दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं, व्हिसा आला म्हणून. पुढे डिग्रीवाली पोरं त्यांच्या डोक्यावर मॅनेजर होऊन बसली आणि पप्पा त्यांना 'सर' म्हणत राहिले. त्यामुळे ते काय म्हणणार हे मला न विचारताच ठाऊक होतं, म्हणून मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून मी योहानला ईमेल पाठवला. अर्धा सीझन आत्ता, मग एक ब्रेक, मग परत, असं सगळं नीट मांडलं. त्याचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं आणि ते दोन ओळींचं होतं. अर्धा कीपर मला उपयोगाचा नाही. पूर्ण ये किंवा येऊ नकोस, दोन्हीत मला राग नाही.

मी ते बशीरसाहेबांना सांगायला गेलो. त्यांच्या गॅरेजात एका ट्रकला नवी बॉडी चढत होती, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मंगेशकाकांची योजना ऐकून ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बेटा, जाओ या ना जाओ, मैं दोनों में खुश हूँ. लेकिन मेरा कीपर फिर से बीच में खड़ा दिख रहा है मुझे." त्यांनी मला चहा पाजला आणि बाकी वेळ ते ट्रकच्या ताडपत्रीबद्दल बोलत बसले.

त्या आठवड्यात माझं अगदी तळ्यात-मळ्यात चाललं होतं. वर्गात बसलो की जर्मनी दिसायची आणि मैदानावर उभा राहिलो की आईचा चेहरा. शुक्रवारी हॉकीनंतर चर्चला जाताना आम्ही शारजा-दुबई रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे कुठेतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. हलायची चिन्हं नव्हती. आई आणि शेरन नेहमीसारख्या शेजाऱ्यांबरोबर परस्पर चर्चला गेल्या होत्या, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच. पप्पांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली.

"मी कॉलेज सोडलं तेव्हा मला कोणीच काही विचारलं नाही," ते एकदम म्हणाले. "व्हिसा आला, बॅग भरली, गेलो. अख्ख्या गावाने अभिनंदन केलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. म्हणून तुला विचारतो."

"काय, पप्पा?"

"तुला खेळायचंय, की इथून निघायचंय?"

मी पुढे अडकलेल्या गाड्या मोजायला लागलो. त्यांना ते दिसलं.

"दोन्ही वाटणं चुकीचं नाही. वीस वर्षांच्या पोराला मंगेशचं घोरणं सोडून कुठेही जावंसं वाटेल. पण नुसतं निघायचं असेल तर डिग्री घेऊन नीघ, निघायला पुष्कळ रस्ते आहेत. खेळायचं असेल तर थांबता येत नाही, एवढं मला पण कळतं. मी हॉटेलात हजार माणसांना जेवायला वाढतो. गरम ते गरमच वाढावं लागतं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मला नको वाटतं." ते स्पष्ट बोलले. "पोरगा डिग्रीशिवाय राहिला तर मला झोप येणार नाही. पण मला झोप येत नाही हे काही कारण नाही. मला हॉटेलात काम करूनही झोप येत नाही."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढचा रस्ता मोकळा झाला होता. पप्पांनी गाडी सुरू केली. आम्ही मिस्सेला प्रवचन संपता संपता पोचलो आणि मागच्या खांबाजवळ उभे राहिलो.

मी मग दोन दिवस मनाशीच एक खेळ केला. त्या क्लबहाउसच्या वरची खोली डोळ्यांसमोर आणायची, खिडकी, बर्फ, सगळं, फक्त खाली मैदान नाही असं समजायचं. अशी खोली मला फुकटही नको वाटली. मग उलटं करून पाहिलं. तीच टीम, तेच ट्रेनिंग, पण सगळं शारजाच्या त्या ट्रकच्या मैदानावर, आणि झोपायला मंगेशकाकांच्या पार्टिशनशेजारी. त्याला मी एका पायावर तयार होतो. इतकं सोपं होतं ते, आणि तरी मला त्याला दोन दिवस लागले. पप्पा स्वयंपाकघरात ओट्यावर चादर टाकून कामाचा काळा कोट इस्त्री करत होते, तिथे जाऊन मी सांगितलं, "पप्पा, खेळायचंय." त्यांनी कॉलरवर इस्त्री फिरवली आणि म्हणाले, "मग आईला तू सांग. मला ते जमणार नाही."

आईला सांगितलं तेव्हा ती बाल्कनीत होती. मला वाटलं ती डिग्रीबद्दल बोलेल, म्हणून मी त्याची उत्तरं तयार ठेवली होती. ती उत्तरं तशीच राहिली.

"डिग्रीचं मला काही नाही," ती म्हणाली. "डिग्री घेऊन कोण मोठं झालंय या घरात? पण व्हिसा गेला की तू इथे पाहुणा म्हणून येशील, मेलू. विमानतळावर तो काचेमागचा माणूस तुला विचारेल, किती दिवसांसाठी आलास. माझ्या पोराला माझ्या घरी यायचंय तर त्याला कोणी का विचारायचं, किती दिवस?"

आणि ती रडली. मीही रडलो, त्यात काय लपवायचं. आमच्या बाजूला पॅड आणि बोंबील वाळत होते, आणि अशा वेळीही त्या वासाने आम्हा दोघांना शिंक आली. मग आईला हसू आलं आणि तिने पदराने माझं नाक पुसलं, मी वीस वर्षांचा घोडा असताना. म्हणाली, "जा. पण मध्ये थांबू नको. बशीरसाहेब सारखे ओरडत असतात ना ते."

व्हिसा रद्द करायला आम्ही तिघं टायपिंग सेंटरात, म्हणजे सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या ऑफिसात, गेलो. माझं काम फक्त पासपोर्ट देण्याचं होतं. स्पॉन्सर पप्पा, त्यामुळे रद्द करायचं ते पप्पांनीच. बापाने स्वतःच्या सहीने मुलाला देशातून काढायचं, असा तो प्रकार. आईला घरी थांब म्हटलं तर ती आधी चपला घालून दारात उभी. काउंटरवरचा मुलगा तोंडात पेन धरून टाइप करत होता.

"कॅन्सल? क्यों अंकल, पढ़ाई खलास?"

"कॅन्सल मत बोलो," आई मागच्या खुर्चीवरून म्हणाली.

"आंटी, कंप्यूटर में वही लिखा है."

"खलास नहीं," पप्पा म्हणाले. "जॉब मिला है."

"अच्छा! क्या जॉब?"

"हॉकी."

मुलाने पेन तोंडातून काढलं आणि तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "अंकल, हॉकी तो जुमे को खेलते हैं."

पप्पांनी पाहुण्यांसमोर उभं राहावं तसा पाठीचा कणा ताठ केला. हॉटेलात मोठी पार्टी असली की ते असेच उभे राहायचे.

"ये रोज़ खेलेगा," ते म्हणाले, आणि सही केली.

मी जर्मनीत सहा सीझन खेळलो. पहिले दोन बहुतेक बाकावर, मग चार गोलमध्ये, मग खांदा गेला. कोणाला ऐकून माहीत असावं असं माझं नाव झालं नाही. त्या गावातला बेकरीवाला मात्र मला ओळखायचा आणि हरलो की जुना ब्रेड द्यायचा. डिग्री पुढे पत्राद्वारे शिकून पुरी केली, ती पप्पांसाठी, आणि निकालाचा कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला. हल्ली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात मी लहान कीपरांना शिकवतो, तिथेच राहतो, आणि त्यांचे आईबाप मला येऊन विचारतात, सर, कॉलेज सोडून जावं का, कधी जावं. मी त्यांना पप्पांचा प्रश्न मुलाला विचारायला सांगतो. पुष्कळांना तो फारच साधा वाटतो आणि ते दुसऱ्या कोचकडे जातात.

जर्मनीतल्या पहिल्या वर्षी नाताळला मी व्हिजिट व्हिसावर घरी आलो. विमानतळावर काचेमागच्या माणसाने विचारलं, किती दिवस. मी सांगितले आणि काचेपलीकडे आईला शोधत राहिलो. घरी जेवायला बसलो, बशीरसाहेबही होते, वरच्या फळीवरचा टोप निघाला होता. त्यांच्यापुढे काचेची प्लेट मांडली होती. माझ्यापुढे आईने ती कडेला चेपलेली ताटली ठेवली.

"काचेची पाहुण्यांना," ती म्हणाली. "तू गप जेव."

बशीरसाहेब नंतर त्यांच्या गावी परत गेले, मंगेशकाका कुडाळला. टोप अजून आईच्या फळीवर आहे आणि त्यात अजूनही डुकराचं मटण शिजत नाही. कोणी आलं तर, म्हणते. पप्पा रिटायर झाल्यावर दोघं वसईला गेले, चार वर्षं केळी लावली, आणि मग आईच कंटाळली. आता ती दोघं माझ्याकडे असतात, माझ्या व्हिसावर. आईबापांचा व्हिसा दर वर्षी नव्याने करावा लागतो, त्यामुळे वर्षातून एकदा आमची तिघांची स्वारी टायपिंग सेंटरात जाते. आता तिथे एसी चांगला आहे आणि काउंटरवर मुली बसतात. पप्पा खुर्चीत बसून छताकडे बघतात. आई मात्र काउंटरला टेकून उभी राहते.

परवा गेलो तेव्हा तिथल्या मुलीने माझा पासपोर्ट पाहिला, आईचा पाहिला, आणि सहज विचारलं, "आंटी, स्पॉन्सर कौन है? बेटा?"

"हाँ, बेटा," आई म्हणाली. मग ती जराशी पुढे वाकली, गुपित सांगावं तशी, पण आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा. "इसको हमने कॅन्सल किया था. फिर भी वापस आया."